पाठीमागची तांबडी काच

जुनी मोटार घरी असणे ही आपल्या खेड्यांतून आता काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बेळगाव-खानापूरच्या बाजूस काय किंवा घाटाखाली गोव्यात काय, पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांच्या अंगणात एखादी ॲम्बॅसडर, एखादी पद्मिनी किंवा एखादी मारुती आठशे उभी दिसते. पद्मिनी कधीच बंद झाली. ॲम्बॅसडर व मारुती आठशे या दोहोंचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरीही या गाड्या धावत आहेत. कोणी ती वडिलांची आठवण म्हणून जपतो, तर कोणी नवी परवडत नाही म्हणून वापरतो. आजाऱ्यास दवाखान्यात न्यावे, रविवारी वृद्ध आईस मिस्सेला आणावे, आठवड्याचा बाजार करावा, एवढे काम ती इमानाने करते. अशी गाडी सांभाळणारे कुटुंब काटकसरी असते, आणि काटकसर हा सद्गुणच होय.

मात्र या काटकसरीत एक वस्तू सहसा विसरली जाते. इंजिन बिघडले तर गाडी चालत नाही, म्हणून ते दुरुस्त होते. पुढचा दिवा गेला तर आपणांस रस्ता दिसत नाही, म्हणून तोही दुरुस्त होतो. परंतु गाडीच्या पाठीमागे जी तांबडी काच असते, ती तडकली तरी आपले काहीच अडत नाही. ती असते मागून येणाऱ्यासाठी. गाडी मागे घेताना फाटकाच्या खांबाला घासली, मुलांचा चेंडू लागला किंवा वर्षानुवर्षांच्या उन्हाने काचेस भेगा पडल्या, तर मालक म्हणतो, ‘असू दे, पुढे पाहू.’ आणि ते ‘पुढे’ कधी येत नाही.

आज याच तांबड्या काचेविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. ती काम कशी करते, भेग पडल्यावर तिच्यात नेमके काय बिघडते, घरच्या घरी तिची दुरुस्ती कितपत होते, आणि दुरुस्तीचा नाद सोडून नवी काच केव्हा आणावी, हे आपल्या वाचकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

बॅटरीवाचून बोलणारी काच

मागच्या बाजूस दोन प्रकारच्या तांबड्या काचा असतात. एक दिव्यावरील झाकण. तिच्याआड बल्ब असतो आणि बल्ब पेटला तरच ती उजळते. दुसरी रिफ्लेक्टर, तिच्याआड बल्ब नसतो. मागून येणाऱ्या गाडीचा उजेड तिच्यावर पडला की तो उजेड ती त्याच दिशेने परत पाठविते. काही गाड्यांत हा रिफ्लेक्टर दिव्याच्या झाकणातच एका कोपऱ्यात बसविलेला असतो, तर काहींत तो बंपरजवळ वेगळा लावलेला असतो. या काचा बहुधा खऱ्या काचेच्या नसून ॲक्रिलिक नावाच्या प्लास्टिकच्या असतात.

चोर्ल्याच्या घाटात रात्री गाडी बंद पडली, बॅटरी उतरली आणि सगळे दिवे विझले, अशी कल्पना करा. त्या वेळी मागून येणाऱ्या मालमोटारीला ‘येथे माणसे आहेत’ हे सांगणारे गाडीवर दुसरे काय उरते? केवळ हे दोन रिफ्लेक्टर. त्यांना वीज लागत नाही, कळ दाबावी लागत नाही, त्यांची तार तुटत नाही.

रिफ्लेक्टरच्या आतील बाजूस बोट फिरविले तर असंख्य बारीक कंगोरे हातास लागतात. तो प्रत्येक कंगोरा म्हणजे घराच्या खोलीचा कोपरा समजावा. दोन भिंती व जमीन जेथे एकमेकींस काटकोनात मिळतात, त्या कोपऱ्यात चेंडू फेकला तर तो तिन्ही बाजूंस आपटून फेकणाऱ्याकडेच परत येतो. प्रकाशाचेही येथे तसेच होते. त्या बारीक कोपऱ्याच्या तीन बाजूंवर आदळून तो आला त्या दिशेस परत फिरतो.

आता नवल असे की या कोपऱ्यांना बहुधा आरशासारखा पारा किंवा चांदीचा मुलामा नसतो. मग प्रकाश फिरतो कसा? स्वयंपाकघरातील काचेचा पेला पाण्याने अर्धा भरा, डोळ्यांच्या वर धरा आणि खालून तिरप्या नजरेने पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहा. तो रुप्यासारखा चकचकीत दिसेल. प्रकाश पाण्यातून किंवा काचेतून बाहेरच्या हवेकडे फार तिरपा गेला तर तो बाहेर पडूच शकत नाही. सगळाच्या सगळा आत वळतो. ॲक्रिलिकच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे ४२ अंशांची आहे. समोरून आलेला किरण त्या कंगोऱ्यांवर सुमारे ५५ अंशांनी आदळतो. मर्यादेहून तो अधिक तिरपा असल्यामुळे त्याला मागे फिरणे भाग पडते.

म्हणजे रिफ्लेक्टरची सारी करामत त्याच्या पाठीमागे असलेल्या कोरड्या हवेवर अवलंबून आहे. भेगेतून पावसाचे पाणी आत शिरून कंगोऱ्यांना चिकटले की ती मर्यादा ४२ वरून सुमारे ६३ अंशांवर जाते. मग ५५ अंशांनी येणारा किरण आत न वळता पाण्यात निघून जातो, आणि त्या जागी रिफ्लेक्टर आंधळा होतो. दिवसा पाहाल तर काच तांबडीच दिसेल. रात्री मात्र ती कोणालाच दिसणार नाही. भेगेचा खरा घात हा असा आहे. भेग स्वतः केसाएवढी असली तरी ती पाण्याला दार उघडून देते.

याच तत्त्वावर मानवाने चंद्रावरही रिफ्लेक्टर ठेवले आहेत. १९६९ साली अपोलो ११ च्या यात्रिकांनी तेथे १०० कोपऱ्यांची एक चौकट मांडली. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण तिच्यावरून परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून चंद्राचे अंतर मोजले जाते. २०२३ साली आपल्या चांद्रयान-३ बरोबर उतरलेल्या ‘विक्रम’वरही असाच ८ कोपऱ्यांचा एक छोटासा घुमट आहे. शास्त्रज्ञ ज्या युक्तीवर एवढा भरवसा टाकतात, ती आपल्या अंगणातील जुन्या गाडीच्या पाठीवरही आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.

आधी परीक्षा

दुरुस्तीपूर्वी परीक्षा हवी, आणि ती रात्रीच करावी. गाडी अंधारात उभी करून तीसेक पावले मागे जावे. हातातील टॉर्च कपाळाशी, डोळ्याच्या अगदी जवळ धरून रिफ्लेक्टरवर उजेड टाकावा. टॉर्च कमरेजवळ धरल्यास परीक्षा फसते. कारण उजेड टॉर्चकडे परत जातो, आणि डोळा त्या वाटेत असला तरच तो दिसतो. दोन्ही बाजूंचे रिफ्लेक्टर निखाऱ्यासारखे सारखेच तेजाळले पाहिजेत. एक तेजाळला व दुसरा मंद राहिला, अथवा एखाद्यात मध्येच काळा डाग दिसला, तर तेथे पाणी, चिखल किंवा भेग आहे असे खुशाल समजावे.

दुसऱ्या दिवशी उजेडात ती जागा नीट न्याहाळावी. केवळ बाहेरून धूळ बसली असेल तर साबणाच्या पाण्याने काम भागते. आतून धुके धरल्यासारखे दिसत असेल तर ओल शिरली आहे. मातीचा राप आत दिसत असेल तर पाणी अनेक पावसाळे येऊन-जाऊन राहिले आहे.

दुरुस्तीची रीत

प्रथम काच सोडवावी. बहुधा दोन स्क्रू असतात. काही गाड्यांत डिकीच्या आतून नट सोडवावे लागतात. गंजलेल्या स्क्रूवर तेलाचे दोन थेंब सोडून तासभर थांबावे. जोर केल्यास जुने प्लास्टिक आणखी तडकते.

काच कोमट पाण्यात थोडा साबण घालून मऊ फडक्याने धुवावी. पेट्रोल, थिनर किंवा स्पिरिट यांचा हात लावू नये. त्यांनी ॲक्रिलिकवर जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात. आतील कंगोरे धुण्यास मऊ ब्रश पुरे. शेवटी बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड पाणी ओतून काढावे. ते वाळल्यावर क्षारांचे डाग राहत नाहीत.

नंतर वाळविणे. या पायरीस घाई नको. पाठ उघडी असलेली काच सावलीत, वाऱ्यावर एक दिवस ठेवली तरी पुरते. पाठ बंद असलेल्या रिफ्लेक्टरमध्ये पाणी गेले असेल, तर तो ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात काही दिवस ठेवावा. नव्या बुटांच्या किंवा औषधांच्या खोक्यांतून अशा पुड्या येतात. आतील धुके पुरते जाईपर्यंत भेग बुजवू नये. नाही तर आपण ओल आतच कोंडून ठेवतो.

आता भेग. तिच्या दोन्ही कडा एकमेकींस टेकलेल्या असतील तर ॲक्रिलिकच्या पाट्या करणाऱ्या कारागिराकडे जावे. असे कारागीर क्लोरोफॉर्मसारखे पाण्याप्रमाणे पातळ द्रावण वापरतात. बारीक सुईच्या पिचकारीने त्याचा एखादा थेंब भेगेच्या तोंडाशी सोडला की भेग तो स्वतःच आत ओढून घेते. कडा किंचित विरघळतात, आणि द्रावण उडून गेल्यावर एकजीव होतात. एक पूर्ण दिवस काचेस हात लावू नये. या द्रावणाची वाफ अपायकारक असते, म्हणून हे काम बंद खोलीत किंवा मुलांच्या जवळपास करू नये. सवय नसलेल्याने ते कारागिराच्याच हातून करवून घेणे शहाणपणाचे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, जे काही लावायचे ते बाहेरच्या सपाट बाजूने लावावे, आतील कंगोऱ्यांवर नव्हे. कंगोऱ्यांवर गोंद बसला की तो पाण्यासारखाच घात करतो, आणि पाणी निदान वाळते तरी. गोंद वाळूनही तेथेच राहतो. दुसरी अशी की, बाजारातील झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने काचेवर पांढुरकी बुरशी आल्यासारखे दिसते, आणि दोन नळ्यांतून येणारा इपॉक्सी गोंद उन्हात पिवळा पडत जातो.

काच बाहेरून केवळ खरवडलेली किंवा निस्तेज असेल, तर १००० व नंतर २००० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा आणि वर प्लास्टिकचे पॉलिश द्यावे. हेही फक्त बाहेरून.

काच परत बसविताना तिच्याभोवतीची रबरी पट्टी पाहावी. ती कडक होऊन चिरली असेल तर नवी घालावी. कारण पुष्कळदा पाणी भेगेतून नव्हे तर या पट्टीखालून येते. पट्टी न मिळाल्यास सिलिकॉन भरता येते. पण ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन घेऊ नये, त्याने जवळचा पत्रा व दिव्याचा मुलामा गंजतो. दिव्याच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेले असेल तर ते बुजवू नये.

सर्व झाल्यावर त्याच रात्री पुन्हा तीस पावले मागे जाऊन टॉर्चने पाहावे. दिवसा काच कितीही सुंदर दिसो, निकाल रात्रीचाच खरा.

पुढच्या दिव्याची वाटी

वाचक विचारतील, पुढच्या दिव्याच्या आत जी चकचकीत वाटी असते, तिचे काय? तिलाही रिफ्लेक्टरच म्हणतात, पण तिची जात निराळी. तिच्यावर ॲल्युमिनियमचा जो थर असतो तो एका मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. पुढची काच तडकून ओल शिरली की हा थर काळवंडतो, आणि फडक्याने पुसू गेल्यास तो फडक्याबरोबर निघून येतो. म्हणून वाटी कधीही घासू नये; धूळ असल्यास हवा मारून उडवावी. थर गेलाच असेल तर रुपेरी रंगाचा फवारा मारून भागत नाही. क्रोमचा मुलामाही पुरा पडत नाही. चांगला ॲल्युमिनियमचा थर सुमारे ९० टक्के उजेड परत टाकतो, तर क्रोम जेमतेम ६० ते ६५ टक्के. शिवाय तडकलेली पुढची काच उजेडाची दिशा बिघडविते, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. ॲम्बॅसडरसारख्या गाड्यांचे ७ इंची गोल दिवे अजूनही मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात. तेव्हा येथे दुरुस्तीचा हट्ट न धरता दिवा बदलावा हे बरे.

काटकसरीची सीमा

मागच्या रिफ्लेक्टरचा तुकडाच उडाला असेल, भेगा जाळ्यासारख्या पसरल्या असतील, आतील कंगोऱ्यांवर राप घट्ट बसला असेल, किंवा दुरुस्तीनंतरही तो टॉर्चपुढे मंद राहत असेल, तर त्याचे दिवस भरले असे समजावे. अशा वेळी काही जण मोकळ्या जागेवर तांबडा रंग फासतात, तांबडा कागद चिकटवितात, तर कोणी नखांना लावण्याचा रंगही लावतात. दिवसा ते खपून जाते. रात्री मात्र त्यातून एक किरणही परत येत नाही. ही दुरुस्ती नव्हे. दुरुस्तीचे सोंग होय.

आपल्याच गाडीचा भाग मिळाला नाही, तर स्क्रूने बसणारा साधा गोल तांबडा रिफ्लेक्टर थोडक्या किमतीत मिळतो. तो मूळ जागेच्या शेजारी, दोन्ही बाजूंस सारख्या उंचीवर लावावा. चकाकणारी तांबडी पट्टी जोडीला लावली तर उत्तमच. रंगाचा नियम मात्र मोडू नये: मागे तांबडा, पुढे पांढरा. पाठीमागे पांढरा चमकला तर गाडी समोरून येत आहे असा मागच्यास भ्रम होतो.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही मोटारीच्या मागे दोन्ही बाजूंस एकेक तांबडा रिफ्लेक्टर आवश्यक ठरविला आहे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नवी करून घेताना तपासणी होते, तेव्हा या काचांकडेही पाहिले जाते. परंतु केवळ तपासणीच्या दिवसापुरती काच बसविणे म्हणजे कायद्याला सलाम आणि शेजाऱ्याला पाठ.

आमचा मुद्दा कायद्याहून थोडा पुढचा आहे. जुन्या गाडीत बैठक फाटकी राहिली, रंग उडाला, खिडकी अडकली, तर त्याचा त्रास आपणांस होतो. तो सोसण्याचा आपणांस अधिकार आहे. पाठीमागची काच तशी नाही. तिच्यावर वाचविलेले पैसे आपल्या खिशात राहतात, पण त्याची किंमत दुसराच कोणी मोजतो. कधी दुचाकीवरून घरी परतणारा मजूर, तर कधी आपल्याच बंद गाडीच्या मागे उभे राहून ती ढकलणारा आपला मुलगा. काटकसर आपल्या सुखसोयींत करावी. दुसऱ्याच्या जिवात करू नये. शेजारप्रीतीची आज्ञा देवळाच्या दाराशी संपत नाही, ती रस्त्यावरही आपल्याबरोबर येते.

रोमच्या संत फ्रान्सिस्का यांची कथा येथे आठवते. या साध्वी १४४० साली निवर्तल्या. रात्री त्या दीनदुबळ्यांच्या सेवेस निघत तेव्हा एक देवदूत हाती कंदील घेऊन त्यांच्या पुढे चालत असे, अशी परंपरा सांगते. त्या कथेस अनुसरून १९२५ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना मोटार चालविणाऱ्यांच्या आश्रयदात्या ठरविले. ९ मार्च हा त्यांचा सण. आपल्या गाडीत संतांचे पदक व जपमाळ लटकविण्याची आपणांस हौस असते, आणि ती चांगलीच आहे. पण संत फ्रान्सिस्कांच्या वाटेवर उजेड होता तो त्या दुसऱ्याच्या मदतीस निघाल्या म्हणून, हेही आठवावे.

या कामास उत्तम काळ म्हणजे पावसाळा सरल्यानंतरचा. आश्विनात ऊन चांगले पडते आणि काच लवकर वाळते. पुढे उसाचा हंगाम सुरू होतो. ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्या रात्री रस्त्याकडेला उभ्या राहतात. नोव्हेंबरच्या शेवटी जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नोव्हेनासाठी भाविक पायी निघतात, आणि पाठोपाठ नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला आपण सर्व कुटुंबासह अंधारात बाहेर पडतो. वर्षातील सर्वांत अधिक माणसे रात्री रस्त्यावर असण्याचे हे दिवस. घरात ट्रॅक्टरची ट्रॉली, बैलगाडी किंवा सायकल असेल तर तिच्या पाठीमागेही एकवार टॉर्च टाकून पाहावी. चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर पुसण्यास काहीच खर्च येत नाही.

तेव्हा येत्या शनिवारी, सायंकाळची प्रार्थना आटोपल्यावर, घरातील एका मुलास टॉर्च देऊन गाडीच्या मागे तीस पावलांवर उभे करावे. दोन तांबडे निखारे सारखेच तेजाळले तर देवाचे आभार मानावे. एकच तेजाळला, तर सोमवारी स्क्रूड्रायव्हर हाती घ्यावा.